एजबॅस्टन हिरवं राहिलं ते कशामुळे? एका भाडेपट्ट्याची दोनशे वर्षांची गोष्ट

जुलै २०२५ मध्ये शुभमन गिलच्या संघाने एजबॅस्टनला इंग्लंडला ३३६ धावांनी हरवलं आणि हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. त्याआधी १९६७ पासून भारत तिथे आठ कसोटी खेळला होता. सात हरला, एक अनिर्णित राहिली. त्यामुळे गिलच्या २६९ आणि १६१ धावा, आकाशदीपचे दहा बळी यांचं कौतुक झालं ते रास्तच होतं.

पण आपल्या लेखी एजबॅस्टन म्हणजे मैदान, आणि तिथेच विषय संपतो. प्रत्यक्षात ते बर्मिंगहॅम शहराचं एक जुनं, श्रीमंत उपनगर आहे आणि मैदान त्याच्या एका कडेला आहे. कॅमेरा उंच गेला की स्टँडच्या मागे दाट झाडी दिसते. बर्मिंगहॅम म्हणजे बटणं, पिना, बंदुका, निबा, स्क्रू असं काय वाटेल ते बनवणारं कारखान्यांचं शहर. अशा शहराच्या मध्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर एवढी झाडी टिकलीच कशी?

‘श्रीमंतांना झाडं आवडतात’ हे उत्तर अपुरं आहे. श्रीमंत तर सगळ्याच शहरांत होते. एजबॅस्टनची हिरवाई मुळात कायद्याच्या कागदावर उगवली आहे, आणि हा कागद समजला की इंग्लंडमधल्या घरमालकीचा जो वाद सध्या पुन्हा तापला आहे, तोही बराचसा समजतो.

आधी ही जमीन कुणाची होती?

१७१७ मध्ये सर रिचर्ड गॉफ नावाच्या व्यापाऱ्याने एजबॅस्टनची जहागीर विकत घेतली. हा गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारात गबर झालेला होता. म्हणजे ज्या उपनगराच्या मैदानावर आपण तीनशे वर्षांनी कसोटी जिंकलो, त्याच्या पायातला पैसा पूर्वेकडच्या व्यापारातून गेलेला होता. हा योगायोग मला गमतीशीर वाटतो. त्याहून जास्त अर्थ त्यात शोधू नये.

गॉफच्या मुलाने कॅलथॉर्प घराण्यातली मुलगी केली. पुढे नातवाने आईकडचं आडनाव लावलं, १७९६ मध्ये तो लॉर्ड झाला आणि घराणं गॉफ-कॅलथॉर्प म्हणून ओळखलं जाऊ लागलं. तोवर त्यांनी एजबॅस्टन सोडून हॅम्पशर परगण्यातल्या एल्वेटमला बस्तान हलवलं होतं. एजबॅस्टन हॉल हा त्यांचा वाडा भाड्याने गेला. १७८६ पासून तिथे डॉ. विल्यम विदरिंग राहायचे. फॉक्सग्लोव्ह या रानफुलाच्या झाडापासून हृदयविकारावर औषध होतं हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडणारे ते हेच. आज त्या वाड्यात गोल्फ क्लब आहे.

मालक दूर राहायला गेला ही गोष्ट महत्त्वाची आहे. गावात राहणारा जमीनदार आपल्या खिडकीसमोर घरं उठू देत नाही. दूर गेलेल्याला मात्र या जमिनीतून उत्पन्न हवं असतं. शिवाय इतर परगण्यांतही जमिनी असल्याने या घराण्याला पैशाची घाई नव्हती. उत्पन्न हवं, पण घाई नाही, या जोडीतून पुढचं सगळं घडलं.

भाडेपट्टा म्हणजे नेमकं काय?

इंग्लंडमध्ये घरजमिनीची मालकी दोन प्रकारची असते. पहिली फ्रीहोल्ड, म्हणजे जमीन आणि घर दोन्ही कायमचं आपलं. दुसरी लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा. तेवढी वर्षं घर तुमचं, जमीन मात्र मूळ मालकाची. त्या जमिनीपोटी मालकाला दरवर्षी थोडी रक्कम द्यायची, ते भुईभाडं.

कोकणातल्या एखाद्या मालकाने आपला मोकळा कातळ दुसऱ्याला लावायला दिला अशी कल्पना करा. घेणाऱ्याने स्वतःच्या पैशाने माती टाकायची, कलमं लावायची, ९९ वर्षं आंबे खायचे आणि मालकाला दरसाल किरकोळ रक्कम द्यायची. मुदत संपली की बाग झाडांसकट मालकाच्या वारसांकडे परत. आता या मालकाला कशाची काळजी असेल? वार्षिक रकमेची फारशी नाही. त्याला काळजी असेल ती कलमं जगण्याची, कुणी ती तोडून तिथे जांभा खणायला लागणार नाही याची. त्याच्या नातवंडांच्या वाट्याला येणार आहे ती बाग.

एजबॅस्टनमध्ये हेच झालं. साधारण १८१० पासून तिसरे लॉर्ड कॅलथॉर्प, जॉर्ज, यांनी पद्धतशीरपणे ९९ वर्षांच्या पट्ट्यांवर प्लॉट द्यायला सुरुवात केली. पट्टा घेणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घर बांधायचं, आणि तेही अमुक इतक्या किमतीच्या खाली नको. घर राहण्यासाठीच वापरायचं. दुकान, वर्कशॉप, दारूचा गुत्ता यांतलं काही चालणार नाही. घराची डागडुजी, रंगरंगोटी वेळेवर करायची. घरात मोठा बदल करायचा तर इस्टेटीची परवानगी घ्यायची. ९९ वर्षांनी घर, बाग, झाडं सगळं कॅलथॉर्पांकडे.

आजच्या भाषेत हे शहर नियोजन झालं. फरक एवढाच की सरकारने शहर नियोजनाचा पहिला कायदा केला १९०९ मध्ये, आणि इथे एका खाजगी मालकाने शंभर वर्षं आधी तेच काम करारपत्रातून करून घेतलं.

पण पैसेवाला माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर घर का बांधेल?

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न लगेच पडतो, कारण ‘स्वतःची जागा’ आपल्या हाडात भिनलेली आहे. याला उत्तरं दोन.

पहिलं पैशाचं. बर्मिंगहॅमचा कारखानदार हा धंद्यात भांडवल फिरवणारा माणूस. जमिनीत रक्कम अडकवण्यापेक्षा वर्षाला थोडं भुईभाडं देणं त्याला परवडे. ९९ वर्षं म्हणजे त्याच्या हयातीपलीकडची गोष्ट. नातवंडांनी काय करायचं ते नातवंडं बघतील, असा सरळ हिशोब.

दुसरं उत्तर शेजाऱ्याचं, आणि मला ते जास्त खरं वाटतं. पट्ट्यातल्या अटी त्याला जाचक होत्या, पण त्याच अटी शेजाऱ्यालाही लागू होत्या. त्याने फ्रीहोल्ड जमीन घेऊन कितीही सुंदर बंगला बांधला, तरी बाजूच्या प्लॉटवर कुणी पितळेची भट्टी सुरू केली की सगळं मुसळ केरात. एजबॅस्टनमध्ये भुईभाडं देऊन तो जमिनीबरोबर ही खात्रीही विकत घेत होता. स्वतःच्या कारखान्याचा धूर दुसऱ्यांच्या नाकात सोडणारा माणूस घरी मात्र धूर येणार नाही अशी तजवीज करत होता, हा त्यातला विरोधाभास कुणालाही दिसेल. वाराही त्याच्या बाजूने होता. इंग्लंडात बहुतेक वेळ वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि एजबॅस्टन शहराच्या त्याच बाजूला आहे, त्यामुळे शहराचा धूर पलीकडे जायचा.

जोसेफ जिलट हे या वर्गाचं नमुनेदार उदाहरण. टाक आणि दौतीच्या जमान्यातल्या पोलादी निबा बनवणारा, त्या जगभर विकणारा हा कारखानदार. त्याचा कारखाना आजच्या ज्वेलरी क्वार्टर भागात, घर एजबॅस्टनच्या वेस्टबोर्न रोडवर. चित्रकार टर्नरच्या चित्रांचा त्याने मोठा संग्रह केला होता. कारखाना शहरात आणि घर झाडीत अशी विभागणी करणारे असे कितीतरी. ‘जिथून झाडं सुरू होतात’ अशी एजबॅस्टनची ओळख झाली ती यांच्याच काळात. लंडनच्या उच्चभ्रू बेलग्रेव्हियाशी तुलना करून त्याला ‘बर्मिंगहॅमचं बेलग्रेव्हिया’ही म्हणत.

कालवा, कारखाना, ट्राम: ‘नाही’ म्हणण्याची ताकद

अटी लिहिणं सोपं असतं. समोरून पैसा येत असताना त्या पाळणं अवघड. एजबॅस्टनची खरी परीक्षा इथे होती.

१७९१ मध्ये वूस्टर आणि बर्मिंगहॅम यांना जोडणाऱ्या कालव्याला संसदेने मंजुरी दिली. कालवा म्हणजे त्या काळचा मालवाहतुकीचा हायवे. त्याच्या दोन्ही काठांवर धक्के, गोदामं, कारखाने उभे राहणार हे ठरलेलं. कालवा एजबॅस्टनमधून जाणार होता. घराण्याने तो अडवला नाही, पण आपल्या हद्दीत काठावर कारखाने आणि गोदामं होऊ दिली नाहीत. बर्मिंगहॅमच्या इतर कालव्यांच्या काठी विटांच्या काळ्या भिंती उभ्या राहिल्या आणि इथे मात्र बागांच्या कडेने पाणी वाहत राहिलं. आजही त्या काठाने चालत विद्यापीठापर्यंत जाता येतं.

मधल्या काळात ज्या जमिनीवर अजून घरं उठायची होती, तिचं काय? तिचे छोटे वाफे पाडून शहरातल्या लोकांना बागकामासाठी दिले जात. वर्षाला भाडं एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, म्हणून त्या ‘गिनी बागा’. त्यातल्या काही वेस्टबोर्न रोडवर अजून शिल्लक आहेत, अगदी बोटॅनिकल गार्डन्सच्या शेजारी. बोटॅनिकल गार्डन्सही कॅलथॉर्पांच्याच जमिनीवर पट्ट्याने. जॉन लाउडन या नामवंत उद्यानकाराने आराखडा केला आणि १८३२ मध्ये बाग उघडली. उपनगराचा भाव वाढवायला अशी एखादी बाग फार उपयोगी पडते, हे आजच्या बिल्डरांनाही माहीत आहे.

ट्रामची गोष्ट तर मजेदार. हॅगली रोड हा एजबॅस्टनचा मुख्य रस्ता. तिथल्या रहिवाशांना ट्राम नको होती. त्यांच्या दाराशी बग्गी होती, मग मोटार आली. ट्राम म्हणजे गर्दी. शेवटी १९१३ मध्ये ट्राम आली, पण १९३० मध्ये ती बंदही झाली. तिच्यानंतर त्या रस्त्याला पुन्हा रूळ लागायला २०२२ साल उजाडलं. आता ‘एजबॅस्टन व्हिलेज’ नावाचं ट्रामचं शेवटचं स्थानक तिथे आहे, आणि घरांच्या जाहिरातींत ‘ट्रामपासून पाच मिनिटं’ हा गुण म्हणून छापतात.

मोठ्या हिरवळींचा एक अनपेक्षित फायदा जगाला झाला. ॲम्पटन रोडवरच्या एका घरात ऑग्युरिओ परेरा हा मूळचा स्पेनचा व्यापारी राहत होता. मेजर हॅरी जेम हा वकील त्याचा मित्र. १८६० च्या आसपास हे दोघे परेराच्या बागेतल्या हिरवळीवर रॅकेट आणि चेंडूचा एक खेळ खेळू लागले. लॉन टेनिसची सुरुवात शोधणारे इतिहासकार या हिरवळीपर्यंत येतात. विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली ती १८७७ मध्ये. एवढी सपाट, मोठी हिरवळ खाजगी घरामागे असणं हे तेव्हाच्या औद्योगिक शहरात कुठे शक्य होतं? इथेच.

क्रिकेटचं मैदानही पट्ट्यातूनच आलं. वॉरिकशर काउंटी क्लबला जागा हवी होती. इस्टेटीने रे नदीजवळची सखल कुरणाची जमीन दिली. बंगल्यांसाठी ती तशी कमी प्रतीची. १८८६ मध्ये तिथे खेळ सुरू झाला, १९०२ मध्ये पहिली कसोटी झाली आणि तीत ऑस्ट्रेलियाचा डाव ३६ धावांत आटोपला. १९९४ मध्ये ब्रायन लाराने नाबाद ५०१ काढल्या त्याही इथेच.

बाकीच्या जमीनदारांना हे का जमलं नाही?

एकच मोठा मालक असला की चांगलं उपनगर होतंच, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो चुकीचा आहे, आणि त्याचा पुरावा एजबॅस्टनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

कोलमोर नावाचं घराणं शहराच्या दुसऱ्या कडेला असंच मोठं जमीनमालक होतं. १७४० च्या दशकाच्या शेवटापासून त्यांनी आपली न्यूहॉल इस्टेट लांब मुदतीच्या पट्ट्यांवर द्यायला काढली. तिथेही सुबक, प्रतिष्ठित घरं झाली. सेंट पॉल्स चौक बांधला गेला, मधोमध देखणं चर्च उभं राहिलं. पण ही जमीन जुन्या गावाला चिकटून होती. सोनार, बटणवाले, छोटे कारागीर तिच्याकडे सरकत होते आणि जास्त भाडं द्यायला तयार होते. बघता बघता परसबागांत वर्कशॉप झाली, घरांचे तुकडे पडले आणि त्या भागाचा ज्वेलरी क्वार्टर झाला. आज तो बर्मिंगहॅमचा अभिमान आहे, पण उच्चभ्रू वस्ती म्हणून तो एक-दोन पिढ्यांतच संपला.

एजबॅस्टन शहरापासून थोडं दूर होतं. १८०१ मध्ये तिथे जेमतेम हजारभर माणसं राहत होती, त्यामुळे पाटी कोरी होती. मालकाला थांबणं परवडत होतं. शिवाय तिसरे लॉर्ड कॅलथॉर्प हे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या विल्यम विल्बरफोर्सच्या धार्मिक वर्तुळातले, नेमस्त वळणाचे. चर्च बांधायला पैसा देणारे, गुत्त्यांना जागा न देणारे. पण त्यांना संत करायचं कारण नाही. हा धर्मादाय नव्हता, सावकाश होणारा नफा होता. झटपट नफ्याचा मार्ग शेजारी दिसत असताना सावकाश नफ्याची वाट धरणं एवढंच त्यांचं वेगळेपण. आणि ते तीन-चार पिढ्या टिकणं हा बराचसा नशिबाचा भाग. एखादा वारस जुगारी निघाला असता तर आज मी हा लेख लिहीत नसतो.

तिथे सगळेच बंगलेवाले होते का?

नाही. एजबॅस्टन म्हटलं की बंगले डोळ्यांसमोर येतात, पण इस्टेटीच्या कडांना छोटी घरं होती, एकमेकांना चिकटलेल्या रांगांमध्ये. लेडीवूड आणि बाल्सल हीथ या गरीब वस्त्यांकडच्या बाजूला कारकून, दुकानदार, कुशल कारागीर राहत. मधल्या बंगल्यांना बाहेरच्या गर्दीपासून वेगळं ठेवणारा हा पट्टा होता. बंगल्यांमध्येही मालकांबरोबर नोकरमाणसं राहायची हे विसरायला नको.

आणि कुंपणापलीकडे काय होतं? बर्मिंगहॅमची लोकसंख्या १८०१ मध्ये सुमारे ७४ हजार होती, ती १९०१ पर्यंत पाच लाखांवर गेली. या माणसांसाठी बांधली गेली पाठीला पाठ लावून उभी असलेली घरं. मागची भिंत दोन घरांत एकच, त्यामुळे मागे ना खिडकी, ना दार. चौकात सामायिक नळ आणि सामायिक संडास. आपल्या चाळकऱ्यांना याचं चित्र पटकन दिसेल, फक्त इथे हवा खेळायला गॅलरीही नाही. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर शहरात अशी ४० हजारांहून जास्त घरं होती. त्यातला एक चौक हर्स्ट स्ट्रीटवर जपून ठेवला आहे. एजबॅस्टनमधून चालत तिथे जायला अर्धा तास लागत नाही.

हजारो एकरांवर कारखाना नको, दाट घरं नकोत असं ठरवल्यावर ते कारखाने आणि ती माणसं नाहीशी होत नाहीत. ती दुसरीकडे, आणखी दाटीवाटीने राहतात. एजबॅस्टनच्या शांततेची किंमत भुईभाड्यात पूर्ण वसूल झाली नव्हती. बाकीची लेडीवूडसारख्या वस्त्यांनी भरली.

मग शहराला काहीच फायदा झाला नाही?

झाला, आणि तो बऱ्याचदा नजरेतून सुटतो. १८३८ मध्ये बर्मिंगहॅमला नगरपालिका मिळाली तेव्हा एजबॅस्टन तिच्या हद्दीत घेतलं गेलं. मँचेस्टरचे अनेक धनिक रेल्वे आल्यावर शहराबाहेर, पार चेशर परगण्यातल्या ऑल्डर्ली एजसारख्या ठिकाणी राहायला गेले. बर्मिंगहॅमचे श्रीमंत मात्र शहराच्या हद्दीतच राहिले. त्यांचा कर शहराला मिळाला आणि त्यांचं लक्षही शहरावर राहिलं.

जोसेफ चेंबरलेन हे याचं ठळक उदाहरण. स्क्रूच्या धंद्यात पैसा मिळवून हा माणूस राजकारणात आला. १८७३ ते १८७६ तो बर्मिंगहॅमचा महापौर होता आणि तेव्हा एजबॅस्टनच्या ऑगस्टस रोडवर राहत होता. त्याच्या कारकिर्दीत शहराने खाजगी गॅस आणि पाणी कंपन्या ताब्यात घेतल्या. कॅडबरी, नेटलफोल्ड, केनरिक, मार्टिनो ही घराणी एकमेकांच्या शेजारी राहायची, एका प्रार्थनागृहात भेटायची किंवा एकमेकांत सोयरीक करायची, आणि नगरपालिकेच्या समित्यांवरही हीच मंडळी. यात घराणेशाही होती हे उघड आहे. पण विद्यापीठ, रुग्णालयं, वाचनालयं उभी राहिली तीही यांच्यातून. १९०० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाला सनद मिळाली तेव्हा लॉर्ड कॅलथॉर्पनी २५ एकर जमीन दिली आणि चेंबरलेन पहिले कुलपती झाले. त्यांच्या नावाचा तिथला घड्याळाचा मनोरा जवळजवळ १०० मीटर उंच आहे. त्यांचा मुलगा नेव्हिल, पुढचा पंतप्रधान, १८६९ मध्ये एजबॅस्टनमध्येच जन्मला आणि १९२९ पासून १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलाच खासदार होता.

९९ वर्षं भरली तेव्हा

१८५० मध्ये दिलेला पट्टा १९४९ मध्ये संपतो. हे गणित साधं आहे, पण त्याची वेळ विलक्षण जुळून आली. दुसऱ्या महायुद्धानंतर भराभर मुदती संपू लागल्या, आणि नेमकं तेव्हाच दहा-बारा खोल्यांचं घर चालवायला नोकर मिळेनासे झाले. घरं परत येत होती, पण ती जुन्या रूपात कुणाला नको होती.

इस्टेटीने १९५० च्या दशकाच्या अखेरीला जॉन मॅडिन या तरुण स्थानिक आर्किटेक्टकडून नवा आराखडा करून घेतला. शहराला लागून असलेल्या फाइव्ह वेज आणि हॅगली रोडच्या कोपऱ्यात ऑफिसांचे उंच टॉवर. आत जुन्या बागांमध्ये फ्लॅट आणि छोटी घरं, पण मोठी झाडं शक्य तेवढी राखून. काही सुंदर जुने बंगले यात गेले. टॉवर अनेकांना आजही खुपतात. माझ्या मते मात्र हा सौदा वाईट नव्हता. व्यापार एका कोपऱ्यात कोंबून त्या पैशावर बाकीची झाडी वाचवली, आणि जमिनीचा मालक एक नसता तर हे होणं अशक्य होतं. प्रत्येकाने आपापला प्लॉट बिल्डरला दिला असता. बीबीसीचा पेबल मिल स्टुडिओ, मॅडिनचीच रचना, १९७१ मध्ये एजबॅस्टनमध्ये उघडला. २००५ मध्ये तो पाडला आणि आता त्या जागी दंत रुग्णालय वगैरे आहे.

मग १९६७ मध्ये काय झालं?

भाडेपट्ट्याच्या व्यवस्थेची दुसरी बाजू इथे येते. एजबॅस्टनच्या कारखानदाराला मुदत संपल्यावर घर परत देणं झेपत होतं. पण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांतही हजारो घरं अशीच पट्ट्यावर होती, खाणकामगारांची. आजोबाने पै-पै जमवून बांधलेलं घर ९९ वर्षांनी जमीनदाराला फुकट द्यायचं? तिथून असंतोष पेटला आणि १९६७ मध्ये कायदा झाला. लांब मुदतीच्या पट्ट्यावर राहणाऱ्या घरमालकाला त्यामुळे फ्रीहोल्ड विकत घेण्याचा हक्क मिळाला, जमीनदाराची इच्छा असो वा नसो.

सुरुवातीला मोठी, महाग घरं त्यातून वगळली होती. १९७४ मध्ये ती मर्यादा सैल झाली, १९९३ मध्ये फ्लॅटवाल्यांनाही एकत्र येऊन खरेदीचा हक्क मिळाला. २०२४ च्या नव्या कायद्याने पट्टा ९९० वर्षांपर्यंत वाढवून घेण्याची तरतूद केली आहे आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हा विषय निघतो तो फ्लॅट घेताना: पट्ट्याची वर्षं किती उरली, भुईभाडं किती. पट्टा ८० वर्षांच्या खाली गेला की तो वाढवणं महाग पडतं, म्हणून सगळे आधी तोच आकडा बघतात. नवी मुंबईत सिडकोच्या ६० वर्षांच्या लीजवर घर घेतलेल्यांना ही काळजी वेगळी समजावून सांगायला नको.

इथे एक रास्त शंका येते. प्रत्येकाने आपापलं फ्रीहोल्ड घेतलं तर अटी संपल्या. मग एजबॅस्टनची झाडं कोण राखणार? १९६७ च्या कायद्यातच याची पळवाट ठेवली होती, किंवा सोय म्हणा. पूर्ण परिसराचं रूप टिकवण्यासाठी जुना मालक न्यायालयाकडून व्यवस्थापन योजना मंजूर करून घेऊ शकतो. कॅलथॉर्प इस्टेटीने ती घेतली. त्यामुळे एजबॅस्टनमध्ये घर आणि जमीन दोन्ही विकत घेतलेल्या माणसालाही बाहेरून बदल करायचा तर नगरपालिकेशिवाय इस्टेटीचीही परवानगी लागते. काही रहिवाशांना हे सरंजामी वाटतं. काहींना शेजाऱ्याच्या बेढब वाढीव खोलीपासून मिळालेलं संरक्षण वाटतं. बहुतेकदा एकाच माणसाला दोन्ही वाटतं. स्वतःच्या अर्जाच्या वेळी पहिलं, शेजाऱ्याच्या अर्जाच्या वेळी दुसरं.

आज तिथे कोण राहतं?

सुमारे १,६०० एकरांची इस्टेट अजून त्याच घराण्याच्या वारसांच्या हातात आहे, पण लोक बदलले आहेत. क्वीन एलिझाबेथ रुग्णालय आणि विद्यापीठ जवळ असल्यामुळे डॉक्टर, प्राध्यापक आणि विद्यार्थी भरपूर, त्यात भारतीय उपखंडातून आलेले खूप. २०१२ मध्ये जखमी मलाला युसूफझाईवर त्याच रुग्णालयात उपचार झाले आणि नंतर ती एजबॅस्टनच्याच मुलींच्या शाळेत शिकली. बंगल्यांची क्लिनिकं झाली आहेत, काही भागाला तर आता ‘मेडिकल क्वार्टर’ म्हणतात. ‘घर राहण्यासाठीच’ ही मूळ अट इस्टेटीने स्वतःच सैल केली, कारण डॉक्टरची पाटी बंगल्याला शोभते, चिप्सचं दुकान शोभत नाही.

राजकारणही फिरलं. १८९८ च्या पोटनिवडणुकीपासून ही जागा हुजूर पक्षाकडे होती. १९९७ मध्ये मजूर पक्षाने ती जिंकली, म्हणजे हुजुरांचा पट्टाही ९९ वर्षांचाच निघाला. १९५३ पासून इथून सतत स्त्रियाच निवडून येत आहेत. सध्याच्या खासदार प्रीत कौर गिल २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेतल्या पहिल्या शीख महिला ठरल्या.

कधी सामना बघायला जाणार असाल तर थेट टॅक्सीने स्टेडियमला जाऊ नका. शहरातून ट्रामने एजबॅस्टन व्हिलेजला उतरा, वेस्टबोर्न रोडने बोटॅनिकल गार्डन्सवरून चालत जा आणि तिथून आतल्या रस्त्यांनी मैदानाकडे वळा. ॲम्पटन, एल्वेटम अशी रस्त्यांची नावं लागतील. ती सगळी कॅलथॉर्पांच्या दूरच्या गावांवरून ठेवलेली आहेत. तासभर हाताशी ठेवा.